एनडीआरएफ (आपत्तीत बचावकार्य करणारं केंद्र सरकारचं दल) फक्त भारतातच काम करते का, की परदेशातपण जाते?

जाते की! आपल्याला एनडीआरएफ म्हटलं की २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरातल्या रबरी बोटी आठवतात, पण २०११ ला जपानमध्ये त्सुनामी आली तेव्हा ४६ जण ओनागावाला गेले होते, ती त्यांची पहिली परदेशवारी. मग भूकंपांच्या वेळी २०१५ ला नेपाळ, २०२३ ला तुर्की, २०२५ ला म्यानमार.

तुर्कीचं तर भारीच आहे. नुरदागीत पडलेल्या बिल्डिंगच्या ढिगाऱ्यावर ज्युली नावाची त्यांची कुत्री भुंकायला लागली, मग खात्री करायला रोमिओ नावाच्या दुसऱ्या कुत्र्याला सोडलं, तोही तिथेच थांबून भुंकला आणि खालून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. मशीन एका बाजूला आणि कुत्र्याचं नाक एका बाजूला, असं माझं मत.

फक्त एक, मनात आलं आणि निघाले असं नसतं हां. त्या देशाने मदत मागायला किंवा निदान हो म्हणायला लागतं, ते सगळं परराष्ट्र खात्यामार्फत होतं आणि मग एअर फोर्सचं विमान माणसं, कटर, कुत्री सगळं घेऊन जातं. जवान बीएसएफ, सीआरपीएफ वगैरेतून डेप्युटेशनवर आलेले असतात. पुण्याजवळ सुदुंबऱ्याला पण एक बटालियन आहे, पाचवी.