झोप होऊनही थकवा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून शाळेत शिकवते. गेले सुमारे आठ महिने सकाळी उठल्यापासूनच अंगात त्राण नसल्यासारखे वाटते. रात्री सात तास झोप होते, तरी घराचे दोन जिने चढले की पाय भरून येतात आणि थोडा वेळ बसावे लागते. घरचे याला मनाचा थकवा म्हणतात. एका परिचितांनी ‘तुमच्या पेशींतील मायटोकाँड्रिया कमजोर झाल्या आहेत’ असे सांगून महागड्या कॅप्सूल सुचवल्या. मायटोकाँड्रिया म्हणजे पेशीचे ऊर्जाघर, एवढेच मला शाळेपासून आठवते. तिथे ऊर्जा नेमकी कशी तयार होते आणि माझ्या थकव्याशी तिचा खरोखर संबंध असू शकेल का?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : संबंध असू शकतो. परंतु मायटोकाँड्रिया, म्हणजे तंतुकणिका, स्वतः बिघडल्या असण्यापेक्षा त्यांना लागणारी सामग्री त्यांच्यापर्यंत पुरेशी पोहोचत नसण्याची शक्यता आपल्या बाबतीत कितीतरी अधिक आहे. असे मी का म्हणतो, हे कळण्यासाठी तंतुकणिकेचे काम जरा सविस्तर पाहावे लागेल.

आपल्या शरीरातील बहुतेक कामे, मग ते स्नायूचे आकुंचन असो वा मज्जातंतूंतून जाणारा संदेश, एटीपी नावाच्या रेणूवर चालतात. ग्लुकोजचे पहिले विघटन तंतुकणिकेच्या बाहेर, पेशीद्रवात होते आणि त्यातून एटीपीचे अवघे २ रेणू हाती लागतात. त्यातून उरणारे पायरुवेट तंतुकणिकेत शिरते. तिथे हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये उलगडलेल्या चक्रात त्याचे पूर्ण विघटन होते, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि ऊर्जेने भरलेले इलेक्ट्रॉन वाहक रेणूंच्या स्वाधीन होतात. एका ग्लुकोजपासून मिळणाऱ्या सुमारे ३० ते ३२ एटीपींपैकी बहुतेक सारे यापुढच्या टप्प्यावर तयार होतात.

हा टप्पा समजून घ्यायला इंदूरकरांना दूर जावे लागत नाही. जलूद येथे उचललेले नर्मदेचे पाणी पंपांच्या जोरावर टप्प्याटप्प्याने विंध्याचा चढ चढते आणि मग आपल्या नळांना येते. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात असेच पंप बसवलेले आहेत. इलेक्ट्रॉन एका प्रथिनसंकुलाकडून दुसऱ्याकडे जात असताना जी ऊर्जा सुटते, तिच्या बळावर तीन संकुले प्रोटॉनांना पडद्यापलीकडे ढकलतात. तिकडे साचलेले प्रोटॉन परत येऊ पाहतात तेव्हा त्यांची मुख्य वाट एटीपी सिंथेज नावाच्या प्रथिनातून जाते. धरणातून सुटलेल्या पाण्याने जनित्र फिरावे तसा या प्रथिनाचा एक भाग अक्षरशः गरगर फिरतो आणि त्या फिरण्यातून एटीपी घडतो. पीटर मिचेल यांनी १९६१ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा अनेक वर्षे ती फारशी कोणी मान्य केली नाही. पुढे १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नर्मदेचे पाणी इंदुरात पोहोचले तेही १९७८ मध्येच, हा योग मला नेहमी आठवतो.

या साखळीच्या अगदी शेवटी ऑक्सिजन उभा असतो. तो आलेले इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि त्यातून पाणी तयार होते. ऑक्सिजन नसेल तर इलेक्ट्रॉन पुढे सरकत नाहीत, पंप थांबतात आणि एटीपी घडणे जवळजवळ बंद पडते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः याचसाठी. शिवाय शरीरात एटीपीचा साठा असा जवळजवळ नसतोच. कोणत्याही क्षणी तो जेमतेम पन्नास-शंभर ग्रॅम भरतो, पण तोच पुन्हा पुन्हा वापरून आणि घडवून दिवसभरात होणारी उलाढाल आपल्या वजनाच्या आसपास जाते. म्हणून पुरवठा थोडासा मंदावला, तरी जिना चढताना ते लगेच जाणवते. अशा वेळी स्नायू पायरुवेटचे लॅक्टेट करून कसेबसे काम भागवतात. पण त्यातून मिळणारी ऊर्जा फार थोडी असते.

आता आपल्या थकव्याकडे वळू. इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या संकुलांमध्ये लोहाचे अणू असतात आणि फुप्फुसातून ऑक्सिजन आणणाऱ्या हिमोग्लोबिनलाही लोहच लागते. म्हणजे लोहाची कमतरता तंतुकणिकेला दोन्हीकडून कोंडीत पकडते. हिमोग्लोबिन अजून घसरलेले नसतानाही, केवळ फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन, कमी असल्यामुळे स्त्रियांना थकवा जाणवू शकतो. पाळीतील रक्तस्राव अधिक असेल, तर ही शंका आणखी बळावते. थायरॉइडचे संप्रेरक पेशींना नव्या तंतुकणिका घडवण्याचा इशारा देते. ते कमी पडले की सारे शरीरच मंदावते. म्हणून हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), रक्तशर्करा आणि आपण शाकाहारी असल्यास बी-१२, एवढ्या तपासण्या आधी आपल्या डॉक्टरांकडून करून घ्याव्यात. तोवर एक साधी गोष्ट सांभाळावी : सकाळच्या पोह्यांवर लिंबू जरूर पिळावे, कारण त्यातील क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करते, मात्र पोह्यांबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलावा, कारण चहा त्याच लोहाला अडवतो.

तंतुकणिकांचे मूळचे आजार खरोखरच असतात, पण ते सुमारे ५,००० माणसांत एकाला होतात. पापण्या खाली झुकणे, डोळे नीट न फिरणे, स्नायूंची ताकद वाढत्या प्रमाणात कमी होणे, आकडी येणे अशी लक्षणे त्यांत दिसतात. तंतुकणिकेचा स्वतःचा डीएनए, ज्यात ३७ जनुके आहेत, आपल्याला केवळ आईकडून मिळतो. म्हणून आईच्या माहेरच्या माणसांत मधुमेह आणि बहिरेपणा दोन्ही एकत्र आढळत असतील, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगावे. आपल्या पत्रात यांपैकी काही दिसत नाही.

कॅप्सूलमध्ये बहुधा को-एन्झाइम क्यू-१० असेल. ते इलेक्ट्रॉनांच्या साखळीतील एक वाहक आहे आणि शरीर ते स्वतः तयार करते. काही दुर्मीळ आजारांत ते औषध म्हणून देतात, पण कारण न शोधता ते घेत राहिल्यास दुखणे तसेच राहील आणि महिने वाया जातील. घरच्यांनाही माझी विनंती आहे की आठ महिने टिकलेल्या थकव्याला तपासणीआधी ‘मनाचा’ म्हणू नये.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. आता रोज चालायला लागलो, तर तंतुकणिका वाढतील का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : होय, या वयातही वाढतात. ज्या स्नायूकडून नियमित आणि दमछाक करणारे काम होते, तो काही आठवड्यांतच अधिक तंतुकणिका घडवू लागतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या स्नायूत उलट घडते. सुरुवात अर्ध्या तासाच्या चालण्याने करावी आणि चालताना बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतका वेग हळूहळू गाठावा. मात्र श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंगातले सारे बळ गळून जात असेल, विशेषतः एखाद्या विषाणूजन्य आजारानंतर असे होऊ लागले असेल, तर वेग वाढवू नये आणि आधी डॉक्टरांना दाखवावे. चालताना छातीत दाटून आले, तर त्याच क्षणी थांबावे.