तू कुणाचा माणूस, ते आधी सांग

नाशिक

अनेक आशीर्वाद.

घर-जमिनीच्या दलालांसाठीची रेराची (बांधकाम व्यवसायावरच्या नियामकाची) परीक्षा पास झालास, आनंद वाटला. आता विचारतोस, 'एका डीलमागे किती सुटतात?' आकडे सांगतो, पण प्रत्येक व्यवहारात तू कुणाचा माणूस हे आधी ठरलं नाही तर ते आकडे हातात येत नाहीत.

आपल्याकडे जुन्या फ्लॅटला साधारण १ टक्का विकणाऱ्याकडून, १ टक्का घेणाऱ्याकडून. जमिनीला २ टक्क्यांपर्यंत बोलणी होतात. भाड्याला बहुतेक एका महिन्याचं भाडं. यातलं काहीच कायद्याने ठरलेलं नाही, म्हणून लिहून घे. चार ओळी पुरतात: इंदिरानगरचा अमुक फ्लॅट, ठरेल त्या किमतीच्या १ टक्का, निम्मी दलाली साठेखताला (विक्रीच्या आधीच्या कराराला), निम्मी खरेदीखताला (शेवटच्या विक्रीच्या खताला), आणि समोरच्या पार्टीकडूनही मी दलाली घेणार आहे. ही शेवटची ओळ गाळायचा मोह होईल, गाळू नकोस. दोन्हीकडून घेणं इथे रूढ आहे, भांडण होतं ते लपवल्यामुळे. आणि दोन्ही पार्ट्या तुझ्याच असतील तर विकणारा कितीपर्यंत खाली येईल ते घेणाऱ्याला कळता कामा नये, आणि घेणाऱ्याला किती घाई आहे ते विकणाऱ्याला.

'निम्मी साठेखताला' हे लिहिणंही उगाच नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम २१९ सांगतं की वेगळं ठरलेलं नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटाचा मोबदला देय होत नाही. साठेखतानंतर व्यवहार फिसकटला तर हीच ओळ तुला तारते.

एक जण हमखास म्हणेल, 'मला ४८ लाख हातात दे, वरचं तुझं.' ऐकायला गोड. गिऱ्हाईक ५१ला तयार झालं आणि त्याने बँकेचं कर्ज घेतलं, की खत ५१चंच होतं. चेक विकणाऱ्याच्या नावाने निघतात आणि तुझे ३ लाख त्याच्या खात्यात जाऊन बसतात. त्याचा सीए सांगतो की कर ५१वर धरला जाणार, मग तो तुला ओळखही देत नाही. तू तोंड उघडलंस तर घेणाऱ्याला कळतं की तू मधे ३ लाख ठेवले होतेस. एजंटाने कामात लबाडी केली तर त्या कामाची दलाली मागता येत नाही, हे त्याच कायद्याचं कलम २२०. उघड १ टक्का घेतला असतास तर दोन्हीकडचे मिळून १ लाख २ हजार सरळ चेकने आले असते.

किंमत ५० लाख किंवा वर गेली की घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापलेला प्राप्तिकर, भरायचा असतो. ५१ लाखांवर ५१ हजार. हे विसार पावतीतच (टोकनच्या पावतीतच) लिही, नाहीतर नोंदणीच्या दिवशी विकणारा म्हणतो, 'पैसे कमी आले.'

टोकनचा चेक विकणाऱ्याच्या नावाने, तुझ्या नावाने कधीच नाही. त्याआधी इंडेक्स टू (नोंदलेल्या खताचा सरकारी उतारा), आधीच्या सगळ्या मूळ खतांची साखळी, भोगवटा दाखला (इमारत वापरायला पालिकेची परवानगी), घरपट्टी आणि सोसायटीचा ना हरकत डोळ्यांखालून घाल. साखळीतलं एक मूळ खत गहाळ असलं तरी बँक अडते. सातपूर-अंबडचा एमआयडीसी प्लॉट भाडेपट्ट्याचा असतो, हस्तांतराला महामंडळाची परवानगी लागते. पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची जमीन आली तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग (जमीन कुठल्या अटींवर धरली आहे ते) आणि इतर हक्क आधी वाच. आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही, आणि शेतजमीन घेणारा शेतकरी आहे का, हे विचारायला लाजू नकोस.

नव्या प्रोजेक्टचा हिशेब निराळा. तिथे दलाली बिल्डर देतो, बहुतेकदा २ ते ३ टक्के, आणि गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांग. साइटवर नेण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव बिल्डरच्या ऑफिसात तुझ्या नावावर टाकून घे आणि पोच ठेव. तू दाखवलेलं गिऱ्हाईक पुढच्या रविवारी एकटं गेलं तर ते 'डायरेक्ट' धरतात, आणि मग वाद घालून काही होत नाही. महारेरा नंबर नसलेल्या प्रोजेक्टची, नोंदणी लागत असूनही, जाहिरात करू नकोस. एजंटाला दंड दिवसाला १० हजार, वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. बिल्डर दलालीतून टीडीएस कापतो, तो तुझ्या पॅनवर दिसतो का ते बघत जा. वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की १८ टक्के जीएसटी येतो, म्हणून कागदावर आजपासूनच 'अधिक लागू असल्यास जीएसटी' लिहीत जा.

दलालीचा उरलेला चेक खरेदीखताच्या दिवशी, नोंदणी कार्यालयातल्या फोटो-अंगठ्याच्या आधी घे. अंगठा झाला की लोकांची स्मरणशक्ती विरळ होते.

पहिल्या पार्टीचा चार ओळींचा कागद सहीआधी मला फोटो काढून पाठव.