अंतराळाच्या इतिहासावर लिहायचंय? सिंदेवाहीला जा

भाऊ, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीत राहून अंतराळाच्या इतिहासावर लिहिणारा विज्ञान पत्रकार होता येईल का, असं तुम्ही विचारलंत. येतं, नक्की येतं! २ एप्रिल २०२२ च्या रात्री शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरीला, आकाशातून धातूची भलीमोठी रिंग पडली, बहुधा रॉकेटचा तुकडा. ती पाहणारी माणसं अजून गावातच आहेत. आधी त्यांना भेटा, त्यांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवा. पुण्या-मुंबईच्या लेखकाला हे इतकं सोपं नाही.

सुरुवातीच्या चुका:
- एकाच ठिकाणी वाचून तारीख लिहिणं. एसएलव्ही-३ या उपग्रह सोडणाऱ्या भारतीय रॉकेटचं १० ऑगस्ट १९७९ चं उड्डाण फसलं, १८ जुलै १९८० चं जमलं. नवखे इथे हमखास घसरतात.
- रॉकेट आणि उपग्रह यांत गल्लत. आर्यभट हा उपग्रह आपला, पण १९७५ मध्ये तो सोव्हिएत रॉकेटने वर नेला.
- लगेच पुस्तक लिहायला घेणं.

लाडबोरीचा लेख झाला की मला दाखवा.