मोटरच्या रोलर ब्लाइंडला किती टॉर्क (फिरवायचा जोर) लागतो? माझा ब्लॅकआऊट (उजेड पूर्ण अडवणारा) ब्लाइंड २.४ मीटर रुंद आणि २.७ मीटर उंच आहे, डीलर १० न्यूटन-मीटरची मोटर सांगतोय. आणि एकसंध ब्लाइंड जास्तीत जास्त किती रुंद करता येतो?

१० ची काहीच गरज नाही, २ ची पुरते. डीलरला म्हणावं, आधी ट्यूब, म्हणजे कापड ज्यावर गुंडाळतं तो पाइप, कुठली देताय ते बोला, मोटरचं नंतर बघू.

हिशोब वजन गुणिले त्रिज्या, एवढाच आहे. कापड ४५० जीएसएम (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) धरलं तर तुमचं कापड भरतं २.९ किलो, बॉटम बार, म्हणजे कापडाच्या खालच्या कडेची पट्टी, मीटरला अर्धा किलो म्हणजे १.२, एकूण ४.१२ किलो. ट्यूब ४३ मिमीची असेल तर त्रिज्या साडेएकवीस मिमी. ४.१२ × ९.८१ × ०.०२१५ = ०.८७ न्यूटन-मीटर. ब्लाइंड वर जाताना रोल जाड होत होत साठेक मिमीचा होतो (कापड अर्धा मिमी जाड धरून), पण तोवर लटकणारं वजन उतरत जातं, शेवटी फक्त बॉटम बार उरतो, म्हणून खरा जोर पूर्ण खाली असतानाच लागतो. तरी मी पूर्ण वजन आणि पूर्ण रोलची त्रिज्या असंच धरतो, ते येतं १.२, वर घर्षणासाठी ३० टक्के टाकले की १.६. झालं.

आता खरं दुखणं. ब्लाइंडची रुंदी मोटर ठरवत नाही, ट्यूब ठरवते. आणि ही गोष्ट मी बाणेरच्या एका साइटवर आर्किटेक्टना तोंडानेही सांगितली होती आणि कोटेशनमध्ये लिहूनही दिली होती.

फ्लॅट नवा होता, हॉलला पश्चिमेची ४.२ मीटर रुंद काच, काका-काकू दोघंच राहणार, दुपारी तीननंतर तिथे बसवत नाही असं ऊन. आर्किटेक्टना एकसंध ब्लाइंड हवा होता, मधे उजेडाची एक रेघ दिसलेली चालणार नव्हती. मी म्हटलं साहेब, ४३ च्या ट्यूबवर एवढ्या रुंदीत बाक येणार, दोन भाग करू, जोड खिडकीच्या उभ्या फ्रेमवर घेऊ म्हणजे रेघ फ्रेममागे लपते. ते म्हणाले, मोटर मोठी टाका ना, दहाची टाका, मग वाकेल कशी? अहो, मोटर ट्यूबच्या एका टोकाला आत बसते, तिचं काम फिरवायचं, मधला भाग उचलून धरायचं नाही! पण काम दुसऱ्याला गेलं, त्याने १० ची मोटर टाकून एकसंध ब्लाइंड लावून दिला.

उन्हाळा संपायच्या आत काकूंचा फोन आला. कापडाला मधोमध व्ही सारख्या घड्या पडलेल्या, रोल एका बाजूला सरकत होता, ब्रॅकेटला घासून कडेचे धागे निघाले होते. मोटर ठणठणीत. मी ट्यूबखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरा ताणला आणि मधे मोजलं, तीन सेंटीमीटरचा बाक. कागदावरही तेवढाच येतो: ॲल्युमिनियमची ४३ मिमी ट्यूब, भिंत दीड मिमी, कापड, बार आणि ट्यूबचं स्वतःचं वजन मिळून मीटरला २.२ किलो, ४.२ मीटरला २९-३० मिमी. आम्ही तीन मिमीच्या वर जाऊ देत नाही.

मग तीच खिडकी २.१ चे दोन ब्लाइंड, मधे एक ब्रॅकेट, आणि दोन्ही ट्यूब जोडून एकाच मोटरवर केली. मीटरचं वजन तेच असेल तर बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून लांबी निम्मी झाली की बाक सोळाव्या हिश्श्यावर, दोन मिमीच्याही आत. आणि एकूण वजन सातच किलो, सगळं धरून २.७ न्यूटन-मीटर, म्हणजे ६ ची मोटर दोन्ही ब्लाइंड आरामात उचलते. आर्किटेक्ट अजून सांगतात की कापड खराब निघालं होतं. कापड खराब नव्हतं. कुणी म्हणेल जाड ट्यूब घ्यायची होती, तर ६३ मिमी, दोन मिमी भिंत घेतली तरी ४.२ ला साडेआठ मिमी बाक येतो, आणि ७५ मिमीचा रोल त्यांच्या फॉल्स सीलिंगच्या खाचेत बसलाच नसता.

तुमच्या २.४ मीटरला ४३ च्या ट्यूबवर सव्वातीन मिमी येतो, काठावरच आहे. ५० मिमीची घ्या, दोनवर येतो, टॉर्क वाढून १.७ होतो, म्हणजे २ ची मोटर तरीही चालते. फक्त रोल ६५ मिमीचा होईल, पेल्मेट (रोल झाकणारी वरची पेटी) त्या हिशोबाने करा. तीन मीटरपर्यंत जायचं तर ६३ ची लागेल. कापडाच्या रोलची रुंदीही बघा, बरीच कापडं अडीच-तीन मीटरच्या पुढे येत नाहीत, मग आडवं फिरवून वापरावं लागतं. उंची रुंदीच्या तिप्पट झाली तर तेही नको, रोल सरळ गुंडाळत नाही.

हे आकडे माझ्या धरलेल्या वजनांचे आहेत, सनस्क्रीन, म्हणजे ऊन अडवणारं जाळीदार कापड, याहून जडही असतं. २५ × ४० सेंमीचा सॅम्पल मागून घरच्या काट्यावर ठेवा, जितके ग्रॅम भरतील त्याला १० ने गुणा, ते जीएसएम. बाल्कनीत बाहेरून लावणार असाल तर यातलं काही धरू नका, तिथे वारा येतो. आणि १० ची घेऊन ठेवू, कशाला विषाची परीक्षा, असं वाटत असेल तर ३५ मिमी जाडीच्या मोटरमध्ये ६ ची बहुतेक २८ आरपीएमची (मिनिटाला २८ फेऱ्यांची) असते आणि १० ची १७ ची. तुमचा ब्लाइंड रोज हळू चालेल आणि पैसे जास्त जातील, ट्यूबचा बाक तसूभरही कमी होणार नाही.