हजारो पाकटं एकत्र: फोटो कुठला आणि बघायला जायचं कुठे

ताई, तुमचे प्रश्न तीन. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा हजारो पाकटांचा, म्हणजे पंख पसरल्यासारख्या दिसणाऱ्या चपट्या माशांचा, तो सोनेरी फोटो खरा आहे का, जूनमध्ये मुलाकडे सॅन डिएगोला येणार आहात तर ते बघायला मेक्सिकोत जाता येईल का, आणि पोहता येत नाही त्याचं काय करायचं. मी तीनदा जाऊन आलोय. त्यातली एक खेप पूर्ण वाया गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

फोटो खरा आहे, पण तुम्हाला जाऊन बघता येईल त्याहून तो मासा वेगळा. निळ्या पाण्यावर पिंपळाची पिवळी पानं पडल्यासारखी दिसतात ती काऊनोज जातीची पाकटं, मेक्सिकोच्या आखातातली. २००८ पासून ते फोटो फिरतायत. ही जात खरोखर लांबचं स्थलांतर करते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची काऊनोज उन्हाळ्यात चेसापीक उपसागरात येऊन पिल्लं घालतात आणि थंडीला खाली फ्लोरिडाकडे, केप कॅनाव्हेरलच्या आसपास जातात. पण अमक्या दिवशी अमक्या ठिकाणी जा आणि बघा, असं काही त्यांचं सांगता येत नाही. त्या फोटोवर भरवसा ठेवून तिकीट काढू नका.

तुम्हाला जमेल ते दुसरं. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया सूर राज्यात ला पाझ शहरापासून तासाभरावर ला व्हेंटाना नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात तिथे साधारण एप्रिलअखेर ते जुलै ‘मंक्स डेव्हिल रे’ जमतात. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या नावावरून १९८७ साली या जातीचं नामकरण झालं. मांटा नावाच्या अजस्र पाकटाचीच ही धाकटी भावंडं, एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत मीटरभर. खातात प्लवंग, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसतील असे जवळ्यासारखे जीव. खरं सांगायचं तर याला स्थलांतरापेक्षा जत्रा म्हणावं. कुठून कुठून येतात, खातात, जोड्या जमवतात, पांगतात.

आता अपेक्षा थोडी खाली आणा. ड्रोनच्या व्हिडिओत दिसतो तो गालिचा होडीतून दिसत नाही. होडीतून आधी ऐकू येतं. शेजारच्या घरात कोणी भाकऱ्या थापत असावं तसा थप, थप आवाज. मग लांबवर काळे चौकोन हवेत उडताना दिसतात, दोन-दोन मीटर उंच, आणि पोटावर आपटतात. का उड्या मारतात यावर अभ्यासकांचं एकमत नाही. एकमेकांना बोलावणं, अंगावरचे परजीवी झटकणं, मादीपुढे मिरवणं, असे तर्क आहेत. मला तिसरा पटतो, पण माझ्या पटण्याला शास्त्रात काय किंमत!

पाण्यात उतरलात तर पहिली दोन मिनिटं नुसतं हिरवट धूसर. प्लवंग आहे म्हणून मासा आहे, आणि प्लवंग आहे म्हणूनच पाणी गढूळ. मग खालून थर सरकतो. एकावर एक, सगळ्यांचे पंख एका तालात, आणि आवाज अजिबात नाही. मघाशी वर एवढा गोंगाट करणारी हीच का, असं वाटतं. मागे पोहत सुटलं की थर फुटतो आणि सगळी खोल जातात. निपचित तरंगत राहिलं तर जवळून जातात. यांच्या शेपटीला काटा नसतो.

पण तुमच्यासाठी माझं मत रात्रीच्या फेरीला. होडी किनाऱ्याजवळ नांगरतात, पाण्यात दिवे सोडतात. उजेडाला प्लवंग गोळा होतं, त्यामागे पाकटं. दिव्याभोवती कोलांट्या घेत, तोंड उघडं टाकून खातात. तुम्ही लाइफ जॅकेट घालून होडीची दोरी धरायची आणि चेहरा पाण्यात बुडवायचा, बस. माझ्या बायकोलाही पोहता येत नाही. तिने चाळीस मिनिटं मान वर काढली नाही, शेवटी थंडीने दात वाजायला लागले तेव्हा ओढून वर घेतली. वेटसूट मागून घ्या.

वाया गेलेली खेप माझ्या चिकटपणामुळे. सुट्टी वाचवायला एकच दिवस ठेवला, त्या दिवशी वारा सुटला, होड्या निघाल्याच नाहीत. व्हेंटाना म्हणजे स्पॅनिशमध्ये खिडकी, आणि ही खिडकी वाऱ्याची, हिवाळ्यात लोक तिथे पतंगाला लटकून लाटांवर पळायला जातात. तेव्हा किमान तीन दिवस ठेवा. मांटा आणि या सगळ्या भाईबंदांची मासेमारी मेक्सिकोत २००७ पासून बंद आहे. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यामुळे कमी झाली की भरून यायला वर्षं लागतात. कोणी जास्त पैसे घेऊन ‘हात लावू देतो’ म्हणाला तर ती होडी सोडा.

भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. मात्र तुमचा अमेरिकी व्हिसा परत आत येऊ देणारा आहे ना, ते मुलाला आधी बघायला सांगा.

अजून एक. काठावरच्या वाळूत साधी पाकटंही पुरून बसलेली असतात, आणि त्यांना काटा असतो. आमच्या देवगडला रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात, पाकट आलं की आधी शेपटीचा बंदोबस्त करतात, तीच जात-बिरादरी. पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नका, वाळूत घासत न्या, म्हणजे ती आधीच सरकतात. आणि उलटीची गोळी होडीत चढल्यावर नाही, तासभर आधी घ्या.