जुन्या डी७०वर इन्फ्रारेड: कॅमेरा उघडायची घाई नको

घरात निकॉन डी७० पडून आहे, खर्च पाच हजारांच्या आत बसवायचा आहे, तर इन्फ्रारेड म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातल्या फोटोंसाठी तो कन्व्हर्ट करून, म्हणजे सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, आत्ता अजिबात नको. २००४चा हा सहा मेगापिक्सेलचा कॅमेरा, पण ही काच त्यात कमजोर आहे आणि तेच आपल्या पथ्यावर पडतं. अंधाऱ्या खोलीत टीव्हीचा रिमोट लेन्सकडे रोखून बटण दाबून ठेवा आणि सेकंदभराचं एक्स्पोजर द्या. रिमोटचा दिवा लख्ख उमटला की समजा, काम होणार.

मग दिसणारा बहुतेक प्रकाश अडवून इन्फ्रारेड आत सोडणारा, ७२० नॅनोमीटरचा फिल्टर लेन्सपुढे लावायला घ्या. ९५०चा मोह टाळा, त्यात फक्त कृष्णधवल मिळतं आणि एक्स्पोजर आणखी लांबतं. फिल्टर तुमच्याकडच्या सगळ्यात मोठ्या लेन्सच्या मापाचा घ्यायचा, बाकीच्यांना स्टेप-अप रिंग, म्हणजे लहान लेन्सवर मोठा फिल्टर बसवणारी कडी. ट्रायपॉड मात्र हवाच. फ्रेम आणि फोकस आधी लावा, ऑटोफोकस बंद करा, मगच फिल्टर चढवा, कारण नंतर व्ह्यूफाइंडरमध्ये काळोखच दिसतो. इन्फ्रारेडचा फोकस थोडा सरकतो, म्हणून लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/८ ठेवा. त्याहून फार बारीक केलं तर काही लेन्समध्ये मधोमध उजळ डाग येतो. व्ह्यूफाइंडर झाकायला विसरू नका, लांब एक्स्पोजरमध्ये मागून प्रकाश शिरतो.

नवे लोक अडतात ते व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे रंगांचा तोल साधण्यावर. फोटो लालभडक येतो आणि लाइटरूम या फोटो-एडिटिंग सॉफ्टवेअरमधली व्हाइट बॅलन्सची पट्टी २००० केल्व्हिनच्या खाली जात नाही. म्हणून फिल्टर लावूनच, उन्हातल्या हिरव्या गवतावर कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या आणि फोटो रॉमध्ये, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये काढा. पुढे गिंप या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या चॅनल मिक्सरमध्ये लाल आणि निळ्याची अदलाबदल केली की तपकिरी आभाळ निळं होतं. गिंप फुकट आहे.

आणि भर दुपारी बाहेर पडा! एरवी आपण टाळतो ते ऊन इथे सोन्यासारखं. पान आतल्या पेशींच्या रचनेमुळे इन्फ्रारेड परतवतं, म्हणून झाड बर्फासारखं पांढरं दिसतं. पाऊस ओसरल्यावरचा ऑक्टोबर, वारा पडलेला, सिंहगडाच्या वाटेवरची झाडी: पहिल्या फोटोसाठी याहून चांगलं काही मला माहीत नाही. वारा असेल तर काही सेकंदांत पानं पुसट होतात.

पुढे कन्व्हर्जन करावंसं वाटलं, तरी कॅमेरा स्वतः उघडू नका. फ्लॅशचा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, बॅटरी काढल्यावरही चार्ज धरून ठेवतो. एक जुना कॉम्पॅक्ट उघडताना मला त्याचा झटका बसलाय, हात कोपरापर्यंत बधिर झाला होता.