मध्ययुगीन तलवारबाजीच्या गटात नवखे का टिकत नाहीत, आणि त्यांना कसं घडवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्या शहरात लाँगसोर्डचा, म्हणजे दोन्ही हातांनी धरायच्या लांब तलवारीचा, दहा-बारा जणांचा गट आहे. रील पाहून दर महिन्याला नवी पोरं-पोरी येतात, दोन-तीन रविवार दिसतात आणि मग येईनाशी होतात. गटात कोणी कोणाशी वाईट वागत नाही. मग अडतं कुठे? आणि नव्याला खऱ्या लढतीत उतरवायचं कधी?

नागपुरात असाच एक छोटा गट आम्ही काही जण मिळून चालवतो. युरोपातल्या जुन्या पोथ्यांवरून लाँगसोर्ड आणि छोट्या ढालीसोबतची तलवार शिकतो, शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे. नवखा टिकतो तो कुणा एका माणसामुळे. तुम्ही लिहिलंय की सगळे प्रेमाने वागतात. ते खरंच असेल, पण सगळ्यांवर सोडलेलं काम कोणाच्याच अंगावर नसतं. नवा पोरगा येतो, सगळे हसून हात मिळवतात, नाव-गाव विचारतात आणि पाच मिनिटांत जो तो तोंडावर जाळीचा मास्क चढवून आपल्या रोजच्या जोडीदारासोबत सुरू होतो. पोरगा भिंतीला टेकून बघत बसतो. तिसऱ्या रविवारी त्याला झोपेतून उठायचं काही कारण उरत नाही.

म्हणून आमच्याकडे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर नाव घेऊन सांगतात: ही तुझी ताई, किंवा हा तुझा दादा. पुढचे तीनेक महिने तो नवखा त्या माणसाचा. शनिवारी रात्री 'उद्या साडेपाचला, येतोयस ना' हा मेसेज त्यानेच करायचा, सामान त्यानेच बसवून द्यायचं, सराव संपल्यावर तर्री-पोह्याच्या ठेल्यावर सोबत घेऊन जायचं, आणि दोन रविवार दिसला नाही तर फोन करायचा. फोनवर 'काहून आला नाहीस?' असा जाब नको, 'बरा आहेस ना?' एवढंच. निम्म्या वेळा कारण परीक्षा, नाहीतर घरचं लग्न असतं. खाडा झाल्यावर परत यायला पोरांना लाज वाटते, आणि तो फोन ती लाज मोडतो.

हा दादा किंवा ताई निवडताना गटातला सर्वात तयारीचा माणूस देऊ नका. साधारण वर्षभर जुना माणूस द्या. मुरलेल्या माणसाला सुरुवातीला आपले पाय कसे अडखळायचे ते आठवत नाही, त्यामुळे तो एका वारातल्या आठ गोष्टी एकदम सांगतो. वर्षभर जुन्याला आपली धडपड ताजी आठवते. शिवाय शिकवताना त्याचं स्वतःचं पक्कं होतं, तो फायदा वेगळा.

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. अमेरिकेत १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत सुरू झालेली सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम ही मध्ययुग जगून पाहणाऱ्यांची मोठी संस्था आहे. वेताच्या जाड तलवारी आणि चिलखत घेऊन ते लढतात. त्यांच्या स्थानिक शाखांत नवख्यांचं स्वागत करायला वेगळा पदाधिकारी असतो, त्याला शॅटलेन म्हणतात. नव्याकडे त्या काळाचा पोशाख नसतो, तर त्याला उसना देण्यासाठी कपड्यांची पेटीच ठेवलेली असते. त्यापलीकडे सरदाराने एखाद्याला आपला शागीर्द म्हणून जवळ करायचं, ही वैयक्तिक नात्याची पद्धतही त्यांच्याकडे आहे. दाराशी स्वागत करणारा एक आणि पुढे हात धरून नेणारा दुसरा, अशी ती सोय. तुमच्या गटात दोन्ही कामं एकाने केली तरी चालतील, पण ती कोणाच्या तरी नावावर असू द्या.

आता सामान. मास्क, जॅकेट, हातमोजे आणि बोथट पोलादी तलवार, सगळं बाहेरून मागवलं तर पन्नास हजारांच्या पुढे सहज जातं. हा आकडा पहिल्या दिवशी कानावर पडला की वर्धा-काटोलहून येऊन होस्टेलवर राहणारी पोरं मनातल्या मनात रजा घेतात. तेव्हा गटाच्या पैशातून आधी दोन-तीन मास्क आणि वेगवेगळ्या मापांचे हातमोजे घ्या. तलवारी सुरुवातीला नायलॉनच्या चालतात. पहिले सहा महिने नव्याने बुटांखेरीज काही विकत घेऊ नये, असा आमचा दंडक आहे. मास्क कसा बसवायचा हे मात्र त्याच्या दादाने स्वतः हाताने दाखवायचं. हनुवटी आधी आत, मग मागची पट्टी ओढायची, आणि मान जोरात हलवून तो सरकत नाही ना ते पाहायचं. आत घाम टिपायला आम्ही डोक्याला जुना सुती रुमाल बांधतो. मास्क घातला की आपल्याच श्वासाचा आवाज मोठा येतो आणि जाळीतून बाजूचं कमी दिसतं, काही जण तिथेच घाबरतात. त्यांना तलवार न देता मास्क घालून नुसतं हॉलभर चालू द्या, गप्पा मारू द्या.

पहिल्या सरावात मी फार काही शिकवत नाही. पवित्रा, चालणं आणि एक वरून खाली येणारा वार. फिओरे देई लिबेरी या इटालियन गुरूच्या, १४१० च्या सुमाराच्या पोथीत एक चित्र आहे. मध्ये माणूस आणि त्याच्याभोवती चार प्राणी. डोक्याशी लिंक्स नावाचं रानमांजर, म्हणजे पारख. एका बाजूला वाघ, म्हणजे चपळाई. दुसऱ्या बाजूला सिंह, म्हणजे धाडस. आणि पायाशी पाठीवर किल्ला घेऊन उभा असलेला हत्ती, म्हणजे भक्कमपणा. ते चित्र मोबाइलवर दाखवतो आणि सांगतो की आज फक्त हत्ती. ताडोब्याच्या इतक्या जवळ राहणाऱ्या आमच्या पोरांना आधी वाघच व्हायचं असतं, तरी हत्तीचं म्हणणं लगेच पटतं.

आपल्याकडे येणाऱ्यांत एक वर्ग असतो ज्यांनी लहानपणी लाठी किंवा दांडपट्टा फिरवलेला असतो. त्यांना 'ते सगळं विसरून जा' असं कृपा करून सांगू नका. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला, आणि त्या पोरांना त्याचा सार्थ अभिमान असतो. फरक नीट समजावून द्या. पट्ट्यात मूठ आणि मनगट पोलादी खोबणीत बंद असतं, म्हणून फिरत कोपर-खांद्यातून असते. लाँगसोर्डला दोन्ही हात मोकळे आणि मनगटाचं काम जास्त. मग त्यालाच म्हणा, दहा मिनिटं आम्हाला पट्ट्याची चाल दाखव. ज्याच्याकडून गटाने काही घेतलं, तो माणूस सहसा सोडून जात नाही.

सगळ्यात अवघड धडा तलवारीचा नसतोच. आपल्या पोरांना मोठ्या माणसाच्या डोक्यावर मारणं जमत नाही. सुरुवातीला आम्ही नव्याला सांगतो, दादाच्या मास्कवर एक वार कर. तो हात उचलतो, वार निम्म्यात सैल सोडतो, तलवार मास्कला जेमतेम टेकते, आणि तोंडातून निघतं, "सॉरी दादा." पुन्हा करायला लावलं की पुन्हा सॉरी. ही भीड चांगल्या घरातून आलेली आहे, तिची थट्टा करू नका. तिला दुसरी जागा द्या. आमच्याकडे झुंजीआधी दोघं तलवार उभी धरून एकमेकांना सलाम करतात आणि संपल्यावर मास्क काढून हात मिळवतात. आदर तिथे दाखवायचा. मधल्या वेळात सॉरी बंद. ज्याला वार लागला त्याने डावा हात वर करून मोठ्याने म्हणायचं, "लागला."

हे 'लागला' म्हणणं मी या खेळाचा गाभा मानतो. ज्या अमेरिकन संस्थेचं वर लिहिलं, तिथेही वार बसला की नाही हे ज्याला लागलं तोच ठरवतो, पंच नाही. नवख्याला हे शिकवायचा एकच मार्ग आहे. जुन्यांनी त्याच्यासमोर मोकळेपणाने 'लागला' म्हणत राहायचं, आणि तेही नव्याच्या हातून लागला तरी. पहिल्या महिन्यातल्या पोरीने नीट वार केला आणि पाच वर्षं जुन्या माणसाने हात वर करून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं 'लागला, छान होता' म्हटलं, की तिच्या खांद्यांत फरक दिसतो. उलट एखादा जुना माणूस लागूनही गप्प राहिला, तर नवे ते चटकन हेरतात.

जोरात मारणाऱ्यांबद्दल कडक राहा. प्रत्येक गटात एखादा असतो ज्याला नवखा म्हणजे हक्काचा मार खाणारा वाटतो. त्याला एकदा बाजूला घेऊन सांगा, दुसऱ्यांदा नव्यांसोबत उभं करू नका, तरी तेच चाललं तर गट सोडायला सांगा, मग तो कितीही चांगला लढवय्या असो. आणि डोक्याला फटका बसल्यावर कोणी गरगरतंय, मळमळतंय, डोकं दुखतंय म्हणालं, तर त्या दिवशी त्याचा खेळ संपला आणि डॉक्टरला दाखवायचं. 'काही नाही होत बे' म्हणायला तिथे कोणाला मुभा नको.

नागपूरचा उन्हाळा हा आमच्यासाठी स्वतंत्र विषय आहे. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो आणि आमचं जॅकेट म्हणजे अंगावरची गादी. त्या दिवसांत आलेल्या नव्याला जाड जॅकेट घालून लढवूच नका. अंगाला उष्म्याची सवय व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर पहाटेच्या वेळी नुसता पायांचा सराव, जोडीने सावकाश सराव आणि मिठाचं लिंबूपाणी. कोणी अचानक गप्प झालं, बडबडायला लागलं किंवा उन्हात असून शहारे आले म्हणालं, तर लगेच जॅकेट उतरवा, सावलीत न्या, अंगावर पाणी मारा. दादा-ताईचं लक्ष असणं इथे जिवाच्या कामाचं ठरतं, कारण नवखा स्वतःहून 'मला होत नाहीये' म्हणत नाही.

मुली कमी टिकतात अशी तक्रार ऐकू येते. आधी आपलं सामान बघा. छोट्या मापाचे हातमोजे आणि मुलींच्या मापाचा छातीचा गार्ड नसेल, तर त्या यायच्या तरी कशा? तलवार-ढालीची सर्वात जुनी सापडलेली युरोपीय पोथी सुमारे ७०० वर्षांपूर्वीची, आज इंग्लंडमधल्या लीड्सला आहे. त्यात एक पाद्री शिष्याला शिकवतो, आणि शेवटच्या पानांवर शिष्याच्या जागी वॉल्पुर्गिस नावाची बाई उभी आहे. ती पानं मी प्रत्येक नव्या मुलीला दाखवतो, आणि मुलांनाही.

घरच्यांनाही एकदा बोलवा. एका मुलाची आई आली होती. तिने मास्क हातात घेऊन जाळीवर अंगठा दाबदाबून पाहिला आणि विचारलं, "यातून डोळ्याले काही होत नाही ना जी?" तिच्यासमोर मास्कवर वार करून दाखवला, तलवारीचं टोक कसं वाकतं ते दाखवलं. त्यानंतर त्या मुलाला रविवारी पहाटे उठवायचं काम घरूनच व्हायला लागलं. तलवार प्रवासात नेहमी पिशवीत बंद ठेवायची, रस्त्यावर काढून रील करायची नाही, हेही पहिल्याच दिवशी सांगा. चौकातल्या हवालदाराला बोथट आणि धारदार दुरून कळत नाही, आणि त्याने कळून घ्यावं ही अपेक्षा चूक आहे.

काही जण वेगळंच मनात धरून येतात. त्यांनी पाहिलेलं असतं ते बुहुर्त: अंगभर पोलादी चिलखत, गटागटाची झुंज, दोन पायांशिवाय अंगाचा आणखी कुठलाही भाग जमिनीला टेकला की माणूस बाद. त्याची बॅटल ऑफ द नेशन्स ही मोठी स्पर्धा २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिन किल्ल्यात सुरू झाली. ते तुमच्याकडे नसेल तर पहिल्या भेटीतच तसं सांगा. असा माणूस गेला तर तो तुमचा दोष नाही, त्याच्यामागे लागू नका.

राहिला लढतीचा प्रश्न. महिने मोजून ठरवू नका. मी तीन गोष्टी बघतो: थांबा म्हटल्याक्षणी त्याचा हात थांबतो का, लागल्यावर तो स्वतःहून सांगतो का, आणि समोरचा अडखळला तर सुरू केलेला वार त्याला आवरता येतो का. हे जमलं की त्याच्या दादाने किंवा ताईने सगळ्यांसमोर म्हणायचं, 'हा तयार आहे.' पहिली झुंज त्या दोघांमध्येच, तीही पाच वारांची. त्यानंतर तो कोणाशीही लढू शकतो, आणि वर्षभराने नवखा आला की तो त्याच्याच हाती द्या.